मायकेल आठव्याच्या मागावर : इझमीर ते सिलिव्री

तुर्कस्तानला जाऊन आलो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, बलूनमध्ये बसलात का. नाही बसलो. कापादोक्याला गेलोच नाही, पामुक्काले पण नाही. मी आणि माझा दादा, आम्ही दोघं एका माणसाच्या मागावर गेलो होतो आणि तो माणूस जाऊन सातशे चाळीसच्या वर वर्षं झालीत. मायकेल आठवा पालेओलोगोस, बायझंटाईन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याचा सम्राट, राज्य १२५९ ते १२८२. दादा सिव्हिल इंजिनियर, त्याला भिंती, चुना, विटा यात रस, सम्राटात अजिबात नाही. मला सम्राटात. म्हणून जोडी जमली.

थोडी पार्श्वभूमी देते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. १२०४ मध्ये चौथं क्रुसेड, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाची मोहीम, जेरुसलेमला जायचं सोडून साम्राज्याच्या राजधानीवर, कॉन्स्टॅन्टिनोपलवर (आजचं इस्तंबूल) घसरलं, शहर लुटलं आणि तिथे लॅटिन लोकांचं, म्हणजे पश्चिमेकडच्या फ्रेंच-व्हेनिसवाल्यांचं राज्य बसलं. ग्रीक सरदार पळाले आणि समुद्रापलीकडे अनातोलियात, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाकडच्या भागात, निकिया नावाच्या गावात त्यांनी आपलं परागंदा राज्य मांडलं. सत्तावन्न वर्षं हे असं चाललं. १२६१ मध्ये ज्याने शहर परत मिळवलं तो हा मायकेल. आता एवढं मोठं काम केलेला माणूस, त्याचं नाव इस्तंबूलमध्ये कुठे दिसतं का हे बघायचं होतं, आणि सुरुवात मुद्दाम इस्तंबूलपासून केली नाही.

पहिला दिवस : इझमीर, केमालपाशा

सकाळी इझमीरला उतरलो, हॉटेलवर बॅगा टाकल्या आणि लगेच केमालपाशाची बस पकडली. शहराच्या पूर्वेला साधारण तीस किलोमीटर. हे गाव तुर्कस्तानात चेरीसाठी प्रसिद्ध आहे आणि आता आजूबाजूला कारखानेच कारखाने. जुनं नाव निफ, त्याच्याही आधीचं निम्फेऑन. निकियाचे सम्राट राजधानी म्हणायला निकियाला ठेवायचे पण राहायचे इथे, हवा चांगली, हिवाळा सौम्य. त्यांच्या वाड्याचा एक भाग अजून उभा आहे. पर्यटक म्हणून आम्ही दोघंच.

वाडा म्हणजे एक उंच लांबट इमारत. खाली घडीव दगड, वर विटांचा एक पट्टा मग दगडाचा एक पट्टा असं चढत गेलेलं. दादा खूश. विटेपेक्षा मधला चुन्याचा थर जाड कसा काय, यावर त्याचं दहा मिनिटं व्याख्यान झालं आणि त्यात विटांचा चुरा मिसळलेला असतो म्हणून तो गुलाबी दिसतो हे त्याने मला नखाने दाखवलं (खरवडलं नाही, फक्त दाखवलं).

याच गावात जॉन तिसरा वाताट्झेस १२५४ मध्ये वारला. हा निकियाचा सर्वात चांगला सम्राट, माझ्या मते मायकेलपेक्षा कितीतरी चांगला. स्वतःची शेती, कोंबड्या पाळल्या, अंडी विकून आलेल्या पैशातून बायकोला रत्नजडित मुकुट केला आणि लोक त्याला अंड्यांचा मुकुट म्हणायचे. याच वाताट्झेसला तरुण मायकेलचा संशय आला होता. १२५३ मध्ये मायकेलवर राजद्रोहाचा आरोप आला, पुरावा धड नाही, मग सांगितलं की तापलेलं लोखंड हातात धर, खरा असशील तर भाजणार नाही. त्यावर हा काय म्हणाला बघा. म्हणाला मी पापी माणूस, माझ्या हातून चमत्कार कसा होणार, पण हे फिलाडेल्फियाचे (अमेरिकेतलं नव्हे, अनातोलियातलं) बिशपसाहेब पवित्र आहेत, त्यांनी आपल्या हाताने विस्तवातलं लोखंड उचलून माझ्या हातावर ठेवावं, मी आनंदाने घेतो. बिशपला एकदम आठवलं की ही प्रथा आपली नाहीच, रानटी लोकांची आहे. मायकेल सुटला. तेव्हा वय तिशीच्या आतलं. अख्खा माणूस या एका किश्शात आहे असं मला वाटतं, पुढे आयुष्यभर त्याने हेच केलं, तापलेलं लोखंड दुसऱ्याच्या हातात द्यायचं.

निम्फेऑनची अजून एक गोष्ट. १३ मार्च १२६१ ला इथे जिनोआवाल्यांशी करार झाला. त्यांनी आरमार द्यायचं, बदल्यात साम्राज्यभर त्यांना व्यापारावर जकात माफ. व्हेनिसचं आरमार लॅटिनांच्या बाजूला होतं म्हणून ही गरज. गंमत पुढे सांगते.

दुसरा दिवस : रस्ता

इझमीर ते बुर्सा बस, बुर्साहून मिनीबसने इझनिक. यात सांगण्यासारखं काही नाही. बसमध्ये चहा आणि केक देतात. ज्या ठिकाणी खोली बुक केली होती तिथे पोचल्यावर बुकिंगच सापडेना, शेवटी मालकाच्या मावशीच्या घरी वरच्या मजल्यावर झोपलो आणि ती खोली बुक केलेल्यापेक्षा चांगली निघाली, खिडकीतून तळं.

तिसरा दिवस : इझनिक, म्हणजे निकिया

तळ्याकाठचं लहान गाव आहे, ऑलिव्हची झाडं, दुपारी सगळं झोपलेलं. गावाभोवती सुमारे पाच किलोमीटरचा तट, त्यातला बराचसा उभा. आम्ही सकाळी सातला निघून पूर्ण फेरी मारली. काही ठिकाणी तटाला लागून शेतं आहेत, टोमॅटोचे वाफे पार बुरुजाच्या पायाशी. इस्तंबूल कापी म्हणजे उत्तरेचा दरवाजा, त्यात आतल्या बाजूला दगडाचे मोठे मुखवटे बसवलेत, जुन्या रोमन थिएटरमधून उचलून आणलेले. लेफके कापीपाशी रोमन कमान आहे, सम्राट हेड्रियनच्या काळातली. लास्कारिस घराण्याने, म्हणजे निकियाच्या सम्राटांनी, इथे आल्यावर जुन्या तटाच्या बाहेर दुसरी कमी उंचीची भिंत घातली, दादाने दोन्हींमधलं अंतर पावलांनी मोजलं आणि वहीत लिहून ठेवलं, कशाला ते विचारलं नाही.

मायकेल इथे सम्राट झाला. कसा झाला ते ऐका. वाताट्झेसचा मुलगा थिओडोर दुसरा, तो ऑगस्ट १२५८ मध्ये वारला तेव्हा त्याचा मुलगा जॉन चौथा सात वर्षांचा. थिओडोरने मरताना आपला मित्र जॉर्ज मुझालोन याला कारभारी नेमलं. मुझालोन खानदानी नव्हता, जुन्या सरदारांना तो डोळ्यात खुपायचा. मेलेल्या सम्राटासाठी चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना, मृत्यूनंतर जेमतेम नऊ दिवसांनी, सैनिकांनी आत घुसून मुझालोनला वेदीपाशी कापला. मायकेल त्या भाडोत्री फ्रँक सैनिकांचा सेनापती होता. त्याने हुकूम दिला असं कुठे लिहिलेलं नाही. पण कारभारी कोण झालं? मायकेल. मग मोठमोठ्या पदव्या आणि १ जानेवारी १२५९ ला सहसम्राट म्हणून द्वाही फिरली. राज्याभिषेक निकियात झाला, मायकेल आणि त्याच्या बायकोच्या, थिओडोराच्या डोक्यावर मुकुट, आणि खऱ्या वारसाला, त्या पोराला, मोत्यांची एक पट्टी देऊन मागून चालवलं. दादा म्हणाला राघोबादादा. मी म्हटलं राघोबादादांना निदान पेशवाई टिकवता आली नाही, याने टिकवली, आणि याचं घराणं पुढे १४५३ पर्यंत, म्हणजे साम्राज्य बुडेपर्यंत, गादीवर होतं.

गावाच्या मधोमध आयासोफ्या आहे, जुनं चर्च, इस्तंबूलची नव्हे, इथली छोटी. ७८७ ची धर्मपरिषद इथे झाली, मूर्ती-चित्रं पूजायची की नाही या भांडणावर. आता मशीद आहे. जमीन आजूबाजूच्या रस्त्यापेक्षा खाली, पायऱ्या उतरून जावं लागतं, आत गार. एका कोपऱ्यात पुसट भित्तिचित्र, काचेमागे. आत सात-आठ माणसं होती, त्यातली दोन गाढ झोपलेली.

दुपारी इझनिकचे कोफ्ते खाल्ले, संध्याकाळी तळ्यावर चहा. टाईल्सची दुकानं खूप आहेत, मी एकच छोटी घेतली, भाव बघून. त्या टाईल्स नंतरच्या, ऑटोमन काळातल्या. १३३१ मध्ये हे गाव ऑटोमन सुलतान ओरहानने घेतलं, म्हणजे मायकेलने कॉन्स्टॅन्टिनोपल परत मिळवल्यावर फक्त सत्तर वर्षांत. मायकेलने राजधानी तिकडे हलवली, पैसा आणि सैन्य युरोपच्या बाजूला वळवलं, सरहद्दीवरच्या डोंगराळ शेतकरी-सैनिकांच्या सवलती काढून कर लावले आणि ज्या अनातोलियाने सत्तावन्न वर्षं साम्राज्य जिवंत ठेवलं तो अनातोलिया हळूहळू हातातून गेला. इझनिकच्या तटावरून चालताना हे फार जाणवतं. माझं मत स्पष्ट आहे, शहर परत मिळवणं हा विजय होता पण निकियाच्या दृष्टीने ते दिवाळं होतं. दादाला हे पटलं नाही, त्याचं म्हणणं राजधानी परत मिळत असेल तर कोण नाही म्हणेल.

चौथा दिवस : एस्किहिसार

इझनिकहून मिनीबसने यालोवा, तिथून तोपचुलार आणि तिथून गाड्या वाहणारी फेरी, इझमितच्या आखातापलीकडे एस्किहिसारला. वर झकास नवा पूल आहे पण फेरीच घ्यायची कारण फेरी बरोबर किल्ल्याखाली लागते. डेकवर चहा, सीगलना लोक सिमित म्हणजे तिळाची कडी फेकतात, पक्षी हवेतच झेलतात.

एस्किहिसारचा किल्ला लहान आहे. उतारावर, समुद्राकडे तोंड, आत एक चौकोनी बुरूज. निकेतियाटोन म्हणतात तो किल्ला हाच असं बहुतेक अभ्यासक मानतात. इथे जॉन चौथा कैदेत होता. २५ डिसेंबर १२६१, नाताळचा दिवस आणि त्या पोराचा अकरावा वाढदिवस, त्या दिवशी मायकेलच्या हुकुमाने त्याचे डोळे घालवले. आंधळा माणूस सम्राट होऊ शकत नाही हा तिथला नियम, म्हणून मारायची गरज नाही, डोळे घेतले की पुरे. आणि मायकेलने त्या पोराच्या बापाला दिलेल्या सगळ्या शपथा? पॅट्रिआर्क म्हणजे ऑर्थोडॉक्स चर्चचा प्रमुख, आर्सेनियोस, हा मुलाचा पालक होता, त्याने सरळ मायकेलला धर्माबाहेर काढलं. मायकेलने खूप विनवण्या केल्या, शेवटी आर्सेनियोसलाच पदावरून हटवलं आणि दुसऱ्या, मग तिसऱ्या पॅट्रिआर्ककडून १२६७ मध्ये माफी मिळवली, भर चर्चमध्ये उघड्या डोक्याने गुडघ्यावर बसून. आर्सेनियोसला मानणारे लोक मात्र वेगळेच राहिले, ते भांडण १३१० पर्यंत मिटलं नाही. निकियाजवळच्या डोंगरातल्या लोकांनी तर एका आंधळ्या मुलाला हाच आमचा जॉन म्हणून पुढे करून बंड केलं. लास्कारिस घराण्यावर त्या भागाचा एवढा जीव होता.

खालच्या टपरीवर बसून मी हे सगळं दादाला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग विचारलं, पोराचं पुढे काय झालं. पुढे असं की तो जगला. चाळीसहून जास्त वर्षं. १२९० मध्ये मायकेलचा मुलगा, सम्राट आन्द्रोनिकोस दुसरा, मुद्दाम त्याला भेटायला आला आणि बापाच्या वतीने क्षमा मागितली. तेव्हा जॉन चाळिशीला आलेला. काय बोलले असतील? क्षमा केली म्हणतात. पण सोडलं नाही हां, ते लक्षात घ्या.

याच गेब्झे भागात हॅनिबल मेला, तोच हत्तीवाला. त्याचं स्मारक आहे, आम्ही गेलो नाही, दादाला भूक लागली होती. गेब्झेहून मार्मारे लोकल थेट इस्तंबूलमध्ये जाते, बॉस्फोरसच्या खालून. बसायला जागा मिळाली नाही.

पाचवा दिवस : तटबंदी

इस्तंबूलची जमिनीकडची तटबंदी येदिकुलेपासून वरपर्यंत चालायची हा बेत, आणि ऊन मरणाचं. सकाळी लवकर सिलिव्रीकापीला पोचलो. जुनं नाव पेगेचा दरवाजा, बाहेर थोड्या अंतरावर पवित्र झरा आहे ज्यात मासे आहेत, त्यावरून. तिथलं ग्रीक देऊळ बालिक्ली अजून चालू आहे आणि मासे पण आहेत.

इथून शहर परत मिळालं. जुलै १२६१ मध्ये मायकेलचा एक म्हातारा सेनापती, अलेक्सियोस स्त्रातेगोपुलोस, सुमारे आठशे माणसं घेऊन तटाजवळून जात होता, काम फक्त बघून येण्याचं. तटाबाहेर राहणारे ग्रीक शेतकरी होते, त्यांची शेतं लॅटिन आणि ग्रीक हद्दींच्या मधे, त्यामुळे दोन्हीकडे जाणं-येणं. त्यांनी सांगितलं की लॅटिनांचं सैन्य आणि व्हेनिसचं आरमार काळ्या समुद्रातल्या दाफ्नुसिया बेटावर हल्ला करायला गेलंय, शहरात कोणी नाही. आणि तटाखालून आत जायची एक वाट आम्हाला माहितीये. रात्री काही माणसं आत गेली, पहारेकऱ्यांचा बंदोबस्त केला, हाच दरवाजा आतून फोडला. २५ जुलै. लॅटिन सम्राट बाल्डविन दुसरा मुकुट आणि राजदंड टाकून पळाला, जहाजावर चढला. आरमार परत आलं तोवर ग्रीकांनी किनाऱ्याकडची व्हेनिसवाल्यांची घरं पेटवली होती, आलेल्यांना आपली बायकापोरं उचलून निघून जाणं एवढंच उरलं. म्हणजे जिनोआचं आरमार लागलंच नाही! चार महिन्यांपूर्वी निम्फेऑनला सही करून जकात माफ करून बसला होता मायकेल, आणि ती माफी पुढे साम्राज्याला पोखरत गेली, कारण व्यापाराचा पैसा शहरासमोरच्या गलात्यातल्या जिनोआवाल्यांकडे.

आणि स्वतः मायकेल कुठे होता? शेकडो किलोमीटर लांब अनातोलियात, छावणीत झोपलेला. बहिणीने, युलोजियाने, पायाला गुदगुल्या करून उठवलं आणि म्हणाली उठ, शहर आपलं झालं. याचा विश्वास बसेना. बाल्डविनचा मुकुट समोर आणून ठेवला तेव्हा बसला.

दरवाजात आता वाहनांची ये-जा असते. आम्ही कमानीखाली उभे होतो तर मागून भाजीचा टेम्पो हॉर्न वाजवत आला, बाजूला झालो. दादाने कमानीच्या आतला भाग टॉर्च लावून बघितला, दुरुस्त्या किती वेळा झाल्यात ते तो दगडावरून ओळखतो म्हणे.

मग येदिकुले, सोन्याचा दरवाजा. मायकेल १५ ऑगस्टला इथून शहरात आला. आता गंमत बघा, एवढा चलाख माणूस, पण प्रवेश केला तो विजयी सेनापतीसारखा नाही. शहराच्या रक्षक देवमातेची होदेगेत्रिया नावाची प्रतिमा पुढे आणि सम्राट मागे पायी. अक्रोपोलितेस नावाच्या विद्वानाने या दिवसासाठी तेरा प्रार्थना लिहिल्या होत्या, दरवाजाच्या बुरुजावरून एका बिशपने त्या वाचल्या, प्रत्येक प्रार्थनेला सम्राट आणि लोक जमिनीवर डोकं टेकवायचे आणि मग शंभर वेळा प्रभो दया कर. तेरा गुणिले शंभर, ऑगस्टच्या उन्हात. मी त्याच उन्हात तिथे उभी होते, दहा मिनिटांत सावली शोधली.

त्यानंतर आयासोफ्यात त्याने दुसऱ्यांदा राज्याभिषेक करून घेतला, या वेळी जॉनचं नाव कुठेच नाही. नाताळाला काय झालं ते वर आलंच.

सहावा दिवस : आयासोफ्या, आणि बायको

आयासोफ्याची वरची गॅलरी, परदेशी लोकांना तिकीट, आम्ही गेलो तेव्हा २५ युरो. महाग आहे पण देइसिसचं मोझेक बघायचं असेल तर पर्याय नाही. मधे ख्रिस्त, एका बाजूला देवमाता, दुसऱ्या बाजूला बाप्तिस्मा देणारा जॉन. खालचा दोन-तृतीयांश भाग पडलाय. जॉनच्या कपाळावरच्या आठ्या, गालाची सावली हे सगळं एवढ्याएवढ्याशा खड्यांनी केलंय, उजेड डावीकडच्या खिडकीतून येतो आणि चित्रातली सावली पण त्याच हिशोबाने घातलीये, हे दादाने दाखवलं, मला सुचलं नसतं. बहुतेक अभ्यासक याचा काळ १२६१ नंतरचा मानतात, मायकेलच्या पुनरागमनाशी जोडतात. पण त्याचं नाव त्यावर नाही. आणि समोरच्याच बाजूला जमिनीत एक दगड, हेन्रिकुस दान्दोलो. १२०४ च्या लुटीचा सूत्रधार, व्हेनिसचा म्हातारा दोजे, म्हणजे तिथला राज्यप्रमुख. दगड एकोणिसाव्या शतकातला, पण लुटणाऱ्याचं नाव आहे आणि परत मिळवणाऱ्याचं नाही, हे काही मला पचलं नाही.

दुपारी फेनारी इसा मशीद. मोठ्या हमरस्त्याच्या कडेला, गाड्यांच्या आवाजात. ही लिप्सच्या मठाची जागा, दक्षिणेकडचं चर्च मायकेलच्या विधवेने, थिओडोराने बांधलं. पन्नास जोगिणींसाठी मठ आणि बायकांसाठी बारा खाटांचा दवाखाना. १३०३ मध्ये ती वारली आणि इथेच पुरली. मागच्या बाजूने जाऊन विटांची नक्षी बघा, पुढून काही कळत नाही.

मग फातिह मशीद. या जागी पवित्र प्रेषितांचं चर्च होतं, सम्राटांच्या समाध्या असलेलं, आणि त्याच्यासमोर मायकेलने एक खांब उभारला होता, वर देवदूत मायकेलची ब्राँझ मूर्ती आणि त्याच्या पायाशी स्वतः सम्राट, हातात शहराची प्रतिकृती धरून अर्पण करतोय. १२९६ च्या भूकंपात मूर्तीचं नुकसान झालं, मुलाने डागडुजी केली. आता काही नाही. अंगणात पोरं बॉल खेळत होती, आयांच्या गप्पा.

सातवा दिवस : पोरं

बापाचं काही नाही पण पोरांचं आहे. तेकफूर सराय, तटाला चिकटून उभा तीन मजली वाडा, लाल वीट आणि पांढरा संगमरवर यांची नक्षी, हा मायकेलच्या कॉन्स्टन्टाईन नावाच्या मुलावरून ओळखला जातो. आता छान दुरुस्त करून म्युझियम केलंय. त्या मुलाला पुढे मोठ्या भावाने कैदेत टाकलं, घराण्याची रीत. जवळच ब्लाखेर्ने राजवाड्याची जागा. मायकेल आला तेव्हा तो राजवाडा लॅटिनांनी धूर-काजळीने एवढा घाण केला होता की आधी तो दुसरीकडे राहिला.

कारिये, म्हणजे कोरा चर्च, आता मशीद आहे पण मोझेक बघता येतात. सगळे कोपऱ्याकोपऱ्यात गर्दी करून मान वर करून बघत असतात. मी ज्याच्यासाठी गेले ते आतल्या ओसरीत आहे, ख्रिस्त आणि देवमातेचं भलंमोठं मोझेक आणि खाली एका कोपऱ्यात वाकलेली लहानशी जोगीण, मेलानी, मंगोलांची राणी. ही मायकेलची लग्नाबाहेरची मुलगी मारिया. १२६५ मध्ये बापाने तिला मंगोल खान हुलागूशी लग्न करायला पाठवलं, बगदाद बुडवणारा तोच. पोचेपर्यंत हुलागू मेला. मग त्याच्या मुलाशी, आबाकाशी लग्न लावलं. आबाका १२८२ मध्ये मेल्यावर ती परत आली आणि जोगीण झाली. फेनेरच्या चढावर तिचं चर्च आहे, मंगोलांची मेरी, तुर्की लोक कान्ली किलिसे म्हणतात, लाल रंगाचं. शहरातलं हे एकच बायझंटाईन चर्च जे कधी मशीद झालं नाही आणि आजवर ग्रीक ऑर्थोडॉक्सांकडेच राहिलं. चढ दमवतो. फाटक बंद होतं, घंटा वाजवली तर एका बाईंनी उघडलं, आत मेणबत्त्यांचा वास, पाच मिनिटं बघू दिलं.

एका मुलीला मंगोलांकडे, दुसरीला सोनेरी टोळीच्या, म्हणजे रशियाकडच्या मंगोलांच्या, नोगाईकडे. पोपला सांगितलं आम्ही तुमचं ऐकतो, १२७४ मध्ये लियोंच्या परिषदेत ऑर्थोडॉक्स चर्च रोमशी जोडल्याचं जाहीर करून टाकलं. कारण सिसिलीचा राजा, अंजूचा शार्ल, लॅटिन राज्य परत आणायला टपलेला आणि त्याला पोपच आवरू शकत होता. इथल्या लोकांना हे अजिबात पटलं नाही. विरोध करणारे साधू, सरदार, स्वतःचे नातेवाईक तुरुंगात, कित्येकांचे हाल केले. पायाला गुदगुल्या करून उठवणारी बहीण युलोजिया, तीच त्याची कट्टर विरोधक झाली आणि बल्गेरियात मुलीकडे गेली. आणि एवढं करून नव्या पोपने १२८१ मध्ये याला बहिष्कृतच केलं. शेवटी ३० मार्च १२८२ ला पालेर्मोत फ्रेंचांविरुद्ध दंगा उसळला, सिसिली हातची गेली, शार्लचं आरमार निघालंच नाही. त्या दंग्यामागे मायकेलचं सोनं किती यावर वाद आहेत, पण त्याने स्वतः लिहून ठेवलंय की सिसिलीला देवाने माझ्या हातून स्वातंत्र्य दिलं असं म्हटलं तर ते खोटं नाही.

सोन्यावरून आठवलं, त्याच्या नाण्यावर शहराच्या तटाच्या मधोमध देवमाता आहे, फार सुंदर कल्पना. नाण्यात सोनं मात्र २४ पैकी १५ कॅरेट. खर्च कुठून भागवणार.

आठवा दिवस : सिलिव्री

मेट्रोबसने पार शेवटपर्यंत आणि पुढे बस, पश्चिमेला मारमाराच्या काठाने. वाटेत बाकिर्क्योय लागतं, जुनं हेब्दोमोन. १२६० मध्ये मायकेलने गलात्याला वेढा घातला होता (जमला नाही) तेव्हा त्याच्या माणसांना इथल्या पडक्या चर्चमध्ये एक प्रेत मिळालं, उघडं, आणि कुणा गुराख्याने गंमत म्हणून तोंडात पावा खुपसलेला. शेजारच्या लेखावरून कळलं की हा बेसिल दुसरा, १०२५ मध्ये वारलेला, साम्राज्याचा सर्वात पराक्रमी राजा. मायकेलने त्याला मानाने उचलून सेलिंब्रियाला, म्हणजे सिलिव्रीला, मठात पुरलं.

आणि त्याचं स्वतःचं? ११ डिसेंबर १२८२ ला थ्रेसमध्ये मोहिमेवर असताना एका खेड्यात तो वारला. लोक चर्चच्या एकीकरणावरून एवढे भडकलेले की मुलाने, आन्द्रोनिकोसने, बापाला धार्मिक विधी केलेच नाहीत. रात्री प्रेत छावणीपासून लांब नेऊन वर माती लोटली, जनावरांनी उकरू नये एवढ्यापुरती. आणि थिओडोराकडून लिहून घेतलं की नवऱ्यासाठी विधी मागणार नाही. नंतर त्याचं प्रेत इथे सिलिव्रीच्या मठात आणलं, म्हणजे ज्या बेसिलला त्याने आणून पुरलं त्याच्याच गावात.

मठ नाही. विचारलं, कोणाला माहीत नाही. गावात सिनानचा लांब पूल आहे, दादा त्याच्या कमानी मोजत बसला, वर जुन्या गडाच्या जागी तटाचे तुकडे आणि बाग. मी दोन तास फिरले. गावाचं दही प्रसिद्ध आहे, वर जाड साय, ते मात्र मिळालं आणि दोन-दोन वाट्या खाल्ल्या.

तिथे बसून दादाने पहिल्यांदा सम्राटाबद्दल स्वतःहून मत दिलं. म्हणाला माणूस कामाचा होता, पण याने केलेलं प्रत्येक काम दुरुस्तीचं, नवीन बांधकाम एक नाही, आणि दुरुस्तीवर कोणी पाटी लावत नाही. मी म्हटलं त्या पोराचे डोळे ही कुठली दुरुस्ती? त्यावर आमचं परतीच्या बसमध्ये चांगलंच वाजलं, पुढच्या सीटवरच्या आजींनी दोनदा वळून बघितलं.

हो, एक जागा राहिलीच. १२५९ च्या पेलागोनियाच्या लढाईत मायकेलच्या भावाने दक्षिण ग्रीसचा फ्रेंच प्रिन्स विल्यम पकडला, तो गवताच्या गंजीत लपला होता आणि पुढे आलेल्या दातांवरून ओळखू आला. त्याच्या सुटकेच्या बदल्यात मायकेलने मोनेमव्हासिया, मिस्त्रास आणि मानी हे किल्ले घेतले. मिस्त्रासचं अख्खं डोंगरउतारावरचं शहर अजून बघता येतं. त्याला शेंजेन व्हिसा लागतो, दादाने ऑफिसात रजेचं विचारून ठेवलंय.